स्वानुभवाची साक्ष : द्विध्रुवी मनोविकार, जाहीर कथन आणि मानसिक आरोग्य चळवळीचा इतिहास

प्रस्तावना

मनोविकाराचा इतिहास आजवर प्रामुख्याने तीन प्रकारच्या साधनांच्या आधारे लिहिला गेला आहे : वैद्यकीय नोंदी, रुग्णालयांचे प्रशासकीय अहवाल आणि कायद्याची कलमे. या तिन्ही ठिकाणी रुग्ण उपस्थित असतो. परंतु तो स्वतः बोलत नाही, त्याच्याविषयी इतर बोलतात. ज्यांनी हा आजार स्वतः भोगला आणि नंतर नाव न लपवता समाजासमोर त्याविषयी सांगितले, त्यांची कथने हे इतिहासाचे चौथे साधन होय. संख्येने ती थोडी आहेत. मात्र रुग्णालयांची व्यवस्था, लोकमत आणि कायदे यांवर त्यांनी केलेला परिणाम थोडा नाही.

प्रस्तुत लेखात बायपोलर डिसऑर्डर अर्थात द्विध्रुवी मनोविकाराच्या संदर्भात या कथनांचा ऐतिहासिक आढावा घेण्याचा प्रयत्न केला आहे. हा विकार निवडण्यामागे एक कारण आहे. या विकारात विषण्णतेचा आणि उन्मादाचा असे दोन काळ आलटून पालटून येतात. विषण्णतेत माणसाची वाचाच आटते. उन्मादात ती अनावर होते. अखंड बोलणे, भव्य योजना आखणे, जग बदलण्याची ईर्षा बाळगणे ही उन्मादाची वैद्यकमान्य लक्षणे आहेत. त्यामुळे असा माणूस सुधारणेची मागणी घेऊन उभा राहिला, तर ती त्याची साक्ष मानावी की त्याचे लक्षण, असा प्रश्न ऐकणाऱ्यापुढे उभा राहतो. साक्षीदाराच्या विश्वासार्हतेचा हा प्रश्न प्रस्तुत लेखाचे मध्यवर्ती सूत्र आहे.

विकाराचे नामकरण

उन्माद आणि विषण्णता या दोन अवस्थांची वर्णने प्राचीन ग्रीक वैद्यकातही आढळतात. त्या एकाच आजाराची दोन रूपे असल्याचे प्रतिपादन फ्रान्समध्ये १८५४ च्या सुमारास झां-पिएर फाल्रे आणि झ्यूल बायार्जे या दोन वैद्यांनी स्वतंत्रपणे केले आणि श्रेयाविषयी त्यांच्यात वादही झाला. जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी १८९९ साली आपल्या पाठ्यग्रंथाच्या सहाव्या आवृत्तीत 'उन्माद-विषण्णता' हा स्वतंत्र वर्ग निश्चित केला. कार्ल लिओनहार्ड यांनी १९५७ मध्ये एकध्रुवी आणि द्विध्रुवी असा भेद मांडला, आणि अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनच्या १९८० च्या निदानसूचीत 'बायपोलर डिसऑर्डर' हे नाव रूढ झाले.

नामकरणाचा हा इतिहास केवळ वैद्यकीय नाही. नाव मिळाले म्हणजे उपचाराची दिशा मिळते, तसेच वगळण्याचे साधनही मिळते. नाझी जर्मनीत १४ जुलै १९३३ रोजी संमत झालेल्या सक्तीच्या निर्बीजीकरणाच्या कायद्यात ज्या विकारांची यादी होती, तीत उन्माद-विषण्णतेचा उल्लेख नावानिशी होता. आपल्या आजाराचे नाव उच्चारणे ही एका काळी शरीरावरील हक्क गमावण्याची सुरुवात ठरू शकत होती. जाहीर कथनाचे मोल ठरवताना ही पार्श्वभूमी विसरता येत नाही.

बिअर्सपूर्व कथने

एकोणिसाव्या शतकात वेड्यांच्या इस्पितळातून बाहेर पडलेल्यांनी लिहिलेली पुस्तके उपलब्ध आहेत. इंग्लंडचे माजी पंतप्रधान स्पेन्सर पर्सिव्हल यांचे पुत्र जॉन पर्सिव्हल यांनी १८३८ आणि १८४० मध्ये आपल्या बंदिवासाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला आणि पुढे १८४५ मध्ये अशा रुग्णांच्या हक्कांसाठी स्थापन झालेल्या संघटनेत प्रमुख भाग घेतला. अमेरिकेत एलिझाबेथ पॅकार्ड यांना धार्मिक मतभेदामुळे त्यांच्या पतीने १८६० साली इलिनॉय राज्यातील इस्पितळात डांबले. सुटकेनंतर त्यांनी केलेल्या प्रयत्नांतून १८६७ मध्ये त्या राज्यात ज्यूरीपुढील सुनावणीशिवाय कोणालाही असे डांबता येऊ नये, असा कायदा झाला.

या दोन कथनांत एक महत्त्वाचा भेद आहे. पॅकार्ड यांचा दावा 'मी वेडी नव्हतेच' असा होता. पर्सिव्हल यांनी मात्र आपण काही काळ भ्रमिष्ट होतो हे मान्य केले आणि तरीही मिळालेली वागणूक अन्याय्य होती असे म्हटले. पहिल्या दाव्यात शहाण्याला वेडा ठरवल्याची तक्रार आहे. दुसऱ्यात वेड्यालाही माणूस मानण्याची मागणी आहे. दुसरी भूमिका घेणे अधिक कठीण होते, कारण आजार मान्य करताच साक्षीदाराची विश्वासार्हता धोक्यात येत असे. याच वाटेने पुढे क्लिफर्ड बिअर्स गेले.

क्लिफर्ड बिअर्स आणि १९०८ चे पुस्तक

क्लिफर्ड व्हिटिंगहॅम बिअर्स यांचा जन्म १८७६ मध्ये अमेरिकेतील कनेटिकट राज्यातील न्यू हेवन येथे झाला. १८९७ मध्ये ते येल विद्यापीठातून पदवीधर झाले. थोरल्या भावाला अपस्माराचा आजार होता आणि तो आपल्यालाही जडणार, या भीतीने त्यांना ग्रासले होते. जून १९०० मध्ये त्यांनी राहत्या घराच्या खिडकीतून उडी घेतली. त्यातून ते वाचले, पण त्यानंतरची सुमारे तीन वर्षे त्यांना दोन खाजगी आणि एका सरकारी अशा तीन रुग्णालयांत काढावी लागली. आपले नातेवाईक खरे नसून त्यांच्या रूपात गुप्त पोलीस वावरत आहेत, असा त्यांचा पक्का समज झाला होता. भावाची ओळख पटवण्यासाठी त्यांनी स्वतःच एक कसोटी योजली : भावाच्या पत्त्यावर गुपचूप पत्र पाठवायचे आणि भेटीला येणाऱ्याने ते बरोबर आणले तरच तो खरा मानायचा. ऑगस्ट १९०२ मध्ये भावाने ते पत्र खिशातून काढून दाखवले आणि दोन वर्षांचा भ्रम तत्क्षणी गळून पडला.

मात्र भ्रम सरताच उन्मादाचा काळ सुरू झाला. या काळात बिअर्स अखंड लिहीत, तक्रारी करीत, रुग्णालये सुधारण्याच्या योजना आखीत. त्यासाठी त्यांना हातपाय जखडणारा अंगरखा, मारहाण आणि थंडीतील कोठडी सोसावी लागली. सरकारी रुग्णालयातील गैरप्रकार पाहता यावेत म्हणून आपण जाणूनबुजून हिंसक रुग्णांच्या विभागात जाण्याची वेळ आणली, असे त्यांनी नमूद केले आहे. तेथूनच त्यांनी राज्याच्या गव्हर्नरांना पत्र लिहिले. सप्टेंबर १९०३ मध्ये त्यांची सुटका झाली.

येथे लेखाच्या आरंभी मांडलेला प्रश्न ठळकपणे समोर येतो. बिअर्स यांची सुधारणेची कल्पना उन्मादाच्या काळात जन्मली होती. पुढे नोकरी करीत असताना १९०५ च्या सुरुवातीस त्यांचा लेखनाचा आवेग वाढला, तेव्हा घरच्यांना आजार परतल्याची शंका आली आणि बिअर्स स्वतःहून काही काळ रुग्णालयात दाखल झाले. उत्साह आणि उन्माद यांतील सीमारेषा इतरांनी तपासावी, हे त्यांनी मान्य केले. पुस्तकाचे हस्तलिखित तयार झाल्यावर त्यांनी ते हार्वर्ड विद्यापीठातील तत्त्वज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांच्याकडे पाठवले. जेम्स यांनी १९०६ मध्ये दिलेले अनुकूल पत्र पुस्तकाच्या प्रारंभी छापण्यात आले. मनोविकारतज्ज्ञ अडॉल्फ मायर यांनीही हस्तलिखित तपासले आणि 'मानसिक आरोग्यरक्षण' अशा अर्थाची संज्ञा चळवळीसाठी सुचवली. 'अ माइंड दॅट फाउंड इटसेल्फ' हे पुस्तक मार्च १९०८ मध्ये प्रसिद्ध झाले.

रुग्णाची साक्ष ग्राह्य ठरण्यासाठी एका प्रतिष्ठित प्राध्यापकाचे प्रमाणपत्र लागले, हे यावरून स्पष्ट होते. बिअर्स हे येलचे पदवीधर, गोरे, पुरुष आणि काही काळ तरी खाजगी रुग्णालयाचा खर्च परवडणाऱ्या कुटुंबातील होते. त्याच सरकारी रुग्णालयातील इतर रुग्णांनीही तोच मार सोसला होता. त्यांच्या वाट्याला विल्यम जेम्स आले नाहीत.

चळवळीचे संस्थीकरण

पुस्तकानंतर अवघ्या दोन महिन्यांत, मे १९०८ मध्ये, कनेटिकट राज्यात मानसिक आरोग्यरक्षण संस्था स्थापन झाली आणि फेब्रुवारी १९०९ मध्ये राष्ट्रीय समिती अस्तित्वात आली. १९१३ मध्ये न्यू हेवन येथे बाह्यरुग्ण चिकित्सालय सुरू झाले. १९३० मध्ये वॉशिंग्टन येथे मानसिक आरोग्यरक्षणाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि तीत पन्नासहून अधिक देशांचे प्रतिनिधी सहभागी झाले. एका माणसाच्या आत्मकथनापासून बावीस वर्षांत झालेला हा प्रवास विलक्षण म्हणावा लागेल.

तथापि या यशाची दुसरी बाजूही नोंदवणे आवश्यक आहे. संस्थेचे नेतृत्व कोणी करावे, यावरून बिअर्स आणि मायर यांच्यात लवकरच मतभेद झाले आणि मायर दूर गेले. पुढील काळात समितीचा भर रुग्णालयांतील क्रौर्य रोखण्यापेक्षा प्रतिबंध, सर्वेक्षण आणि बालमार्गदर्शन यांकडे वळला व तिची सूत्रे तज्ज्ञांच्या हाती गेली. त्या काळी प्रबळ असलेल्या वंशसुधारवादी विचारांपासूनही ही चळवळ अलिप्त राहिली नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ मध्ये संस्थांतील व्यक्तींचे सक्तीचे निर्बीजीकरण वैध ठरवले. रुग्णाच्या साक्षीतून जन्मलेल्या चळवळीत रुग्णाचा आवाजच क्षीण होत गेला.

स्वतः बिअर्स १९३९ मध्ये पुन्हा आजारी पडले. ऱ्होड आयलंडमधील प्रॉव्हिडन्स येथील बटलर रुग्णालयात ते स्वतःहून दाखल झाले आणि १९४३ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. जाहीर कथन म्हणजे रोगमुक्तीचे प्रमाणपत्र नव्हे. कथन केल्यानंतरही आजार परत येऊ शकतो, आणि तो परत आल्याने आधीची साक्ष खोटी ठरत नाही. बिअर्स यांच्या चरित्राचे मूल्यमापन करताना हे सूत्र ध्यानात ठेवावे लागते.

१९७२ : सक्तीचे प्रकटन

स्वेच्छेने केलेले कथन आणि नाइलाजाने झालेले प्रकटन यांतील अंतर १९७२ च्या एका घटनेतून दिसून येते. अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाने मिसूरीचे सिनेटर टॉमस ईगल्टन यांना जुलै महिन्यात उपाध्यक्षपदाची उमेदवारी दिली. नैराश्यासाठी १९६० ते १९६६ या काळात ते तीन वेळा रुग्णालयात होते आणि त्यांना विद्युत्-उपचार घ्यावे लागले होते. ही माहिती वृत्तपत्रांपर्यंत पोहोचू लागताच २५ जुलै रोजी त्यांना ती पत्रकारांसमोर सांगावी लागली. आठवडा उलटण्यापूर्वीच त्यांना उमेदवारी सोडावी लागली. उल्लेखनीय गोष्ट अशी की, मिसूरीच्या मतदारांनी त्यांना १९७४ आणि १९८० मध्ये पुन्हा सिनेटवर निवडून दिले. ज्या मतदारांनी त्यांचे काम जवळून पाहिले होते, त्यांना आजार हा अपात्रतेचा पुरावा वाटला नाही. पक्षाच्या धुरीणांना मात्र तो वाटला.

औषधोपचार आणि नवे कथनकार

ऑस्ट्रेलियातील डॉक्टर जॉन केड यांनी १९४९ मध्ये उन्मादावर लिथियमचा उपयोग होत असल्याचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. डेन्मार्कमध्ये मोगेन्स स्कू यांनी पुढील चाचण्या केल्या आणि १९७० मध्ये अमेरिकेत या औषधाला अधिकृत मान्यता मिळाली. रक्तातील प्रमाण तपासत घ्यावे लागणारे हे साधे क्षार अनेकांच्या आयुष्यात स्थैर्य आणणारे ठरले. याचा कथनाच्या इतिहासाशी थेट संबंध आहे. बिअर्स यांच्या कथनाचा विषय रुग्णालयातील छळ हा होता. लिथियमनंतरच्या कथनांचा विषय आजारासह जगणे हा झाला.

अभिनेत्री पॅटी ड्यूक यांना वयाच्या सोळाव्या वर्षी ऑस्कर पारितोषिक मिळाले होते. त्यांच्या विकाराचे निदान १९८२ मध्ये झाले आणि १९८७ च्या 'कॉल मी ॲना' या आत्मचरित्रात त्यांनी ते जाहीर केले. पुढे २०१६ मधील मृत्यूपर्यंत त्या या विषयावर व्याख्याने देत राहिल्या आणि अमेरिकन काँग्रेसच्या समित्यांपुढेही बोलल्या.

यापेक्षा वेगळी आणि अध्यापकवर्गाला अधिक जवळची वाटणारी कहाणी के रेडफील्ड जेमिसन यांची आहे. जेमिसन या मनोविकारशास्त्राच्या प्राध्यापक. फ्रेडरिक गुडविन यांच्यासमवेत त्यांनी १९९० मध्ये लिहिलेला उन्माद-विषण्णतेवरील बृहद्ग्रंथ वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या अभ्यासात होता. या ग्रंथाच्या लेखिकेलाच तो आजार आहे, हे वाचकांना ठाऊक नव्हते. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कार्यरत असताना १९९५ मध्ये त्यांनी 'ॲन अनक्वायट माइंड' या पुस्तकातून आपला आजार, लिथियम घेण्याविषयीची दीर्घ टाळाटाळ आणि आत्महत्येचा प्रयत्न यांविषयी मोकळेपणाने लिहिले. व्यवसायाचा परवाना आणि रुग्णालयात काम करण्याचा अधिकार धोक्यात येण्याच्या भीतीने वैद्यकीय क्षेत्रातील माणसे स्वतःचा आजार लपवतात, असे निरीक्षणही त्यांनी नोंदवले.

जेमिसन यांच्या कथनाने साक्षीदार आणि तज्ज्ञ या दोन भूमिकांतील भिंत दूर केली. बिअर्स यांना जेम्स यांच्या पत्राची गरज लागली होती. जेमिसन यांच्या बाबतीत प्रमाणपत्र देणारी आणि साक्ष देणारी व्यक्ती एकच होती. मात्र हे लिहिण्यापूर्वी त्यांनी विद्याशाखेत आपले स्थान पक्के केले होते. ज्यांची नेमणूक अस्थायी आहे, ज्यांची मुलाखत अद्याप व्हायची आहे, त्यांना हा मार्ग तितका खुला नव्हता.

साक्षीपासून कायद्यापर्यंत

अमेरिकेत शारीरिक आणि मानसिक आजारांना आरोग्यविम्यात समान वागणूक मिळावी, ही मागणी १९९६ च्या कायद्याने अंशतः पूर्ण झाली होती. ऑक्टोबर २००८ मध्ये संमत झालेल्या अधिक व्यापक कायद्याचे एक प्रमुख पुरस्कर्ते प्रतिनिधी पॅट्रिक केनेडी हे स्वतःच्या द्विध्रुवी विकाराविषयी आणि व्यसनाविषयी जाहीरपणे बोलत असत. ब्रिटनमध्ये २००६ साली अभिनेते स्टीफन फ्राय यांनी आपल्या विकारावर दोन भागांचा माहितीपट दूरचित्रवाणीवर सादर केला. मात्र दरम्यान संघटित रुग्णांच्या चळवळीनेही आकार घेतला होता. जुडी चेम्बरलिन यांच्या १९७८ च्या 'ऑन अवर ओन' या ग्रंथाने, रुग्णांच्या वतीने तज्ज्ञांनी बोलावे या रूढीलाच आव्हान दिले. २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने स्वीकारलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कविषयक कराराच्या घडणीत अशा संघटनांचा प्रत्यक्ष सहभाग होता. भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी या कराराला मान्यता दिली.

भारतीय आणि महाराष्ट्रीय संदर्भ

भारतातील कायद्याचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ११८ च्या स्पष्टीकरणात असे म्हटले होते की, प्रश्न समजण्यास आणि त्यांची सुसंगत उत्तरे देण्यास वेड आड येत नसेल, तर वेडी व्यक्तीही साक्ष देण्यास अपात्र नाही. न्यायालयाने जे तत्त्व दीडशे वर्षांपूर्वी मानले, ते समाजाने मानले नाही. १९१२ च्या भारतीय वेडेपणाविषयक कायद्यात रुग्ण हा प्रामुख्याने ताब्यात ठेवण्याचा विषय होता. त्याची जागा १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने घेतली; तो एप्रिल १९९३ पासून लागू झाला. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे साखळदंडांनी बांधलेले २८ रुग्ण आगीत जळून मेले. त्यांच्यापैकी कोणाचे आत्मकथन उपलब्ध असणे शक्यच नव्हते.

महाराष्ट्रात या विषयाला वाचा प्रथम कुटुंबीयांनी आणि व्यावसायिकांनी फोडली, असे दिसून येते. ठाण्यात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी आणि सहकाऱ्यांनी मानसिक आरोग्यासाठी संस्था उभारली. कॅनडात स्थायिक झालेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या स्किझोफ्रेनियाच्या अनुभवातून पुण्यातील स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनच्या उभारणीत पुढाकार घेतला. २००४ च्या 'देवराई' या चित्रपटामागेही त्यांचीच प्रेरणा होती. भार्गवी दावर यांनी १९९९ मध्ये पुण्यात आपल्या आईच्या नावाने बापू ट्रस्टची स्थापना केली. द्विध्रुवी विकार असलेल्या आईची मुंबईतील कहाणी सांगणारी जेरी पिंटो यांची २०१२ मधील इंग्रजी कादंबरी शांता गोखले यांच्या अनुवादाने मराठीत आली. तीतही निवेदक मुलगाच आहे. पती, कन्या, पुत्र बोलतात. स्वतः रुग्णाचा, विशेषतः रुग्ण स्त्रीचा, प्रथमपुरुषी आवाज उशिराच ऐकू येतो. २०१५ मध्ये दीपिका पदुकोण यांनी स्वतःच्या नैराश्याविषयी केलेल्या निवेदनाला जो प्रतिसाद मिळाला, तो याच पार्श्वभूमीवर समजून घ्यावा लागतो.

स्त्रियांच्या मौनाला कायद्याचीही किनार आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ नुसार विशिष्ट स्वरूपाचा मनोविकार हे घटस्फोटाचे कारण ठरू शकते. केवळ आजार असणे पुरेसे नाही, त्याचे स्वरूप आणि तीव्रता सिद्ध व्हावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये स्पष्ट केले. तरीही ज्या घरात औषधाची पट्टीसुद्धा लपवून ठेवावी लागते, तेथे हा भेद सांगणार कोण? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार द्विध्रुवी विकार असलेल्या सुमारे ७० टक्के व्यक्ती उपचारांपासून वंचित होत्या. उपचारांच्या या अभावात सोयींच्या कमतरतेबरोबरच लपवाछपवीचाही वाटा आहे.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने, जो मे २०१८ पासून अंमलात आला, काही मूलभूत बदल केले. मनोविकाराचे निदान झाले एवढ्यावरून न्यायालयाच्या निर्णयाशिवाय कोणालाही 'विकल मनाची' व्यक्ती मानता येत नाही. पुढे आजार बळावल्यास कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, हे आगाऊ लिहून ठेवण्याचा अधिकार मिळाला. विम्यात समान वागणुकीची तरतूद झाली. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे, केंद्रीय आणि राज्य प्राधिकरणांत मनोविकाराचा अनुभव घेतलेल्या व्यक्तींच्या प्रतिनिधींना सदस्यत्व देण्यात आले. १९०३ मध्ये रुग्णालयाच्या कोठडीतून गव्हर्नरांना पत्र लिहिणाऱ्या रुग्णाला जे मिळाले नव्हते, ते निर्णयाच्या टेबलाभोवतीचे स्थान तत्त्वतः तरी येथे मिळाले आहे.

समारोप

वरील विवेचनावरून तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, जाहीर कथनाचा परिणाम केवळ कथनकाराच्या धैर्यावर अवलंबून नसतो. त्याच्या बोलण्याला ग्राह्य मानणारी संस्था आणि त्याला संरक्षण देणारा कायदा असावा लागतो. दुसरा असा की, आजवर जे बोलू शकले ते बहुधा शिक्षण, प्रतिष्ठा किंवा पद लाभलेले होते. म्हणून त्यांच्या कथनांवरून सर्व रुग्णांचा अनुभव गृहीत धरणे इतिहासलेखनाच्या दृष्टीने सदोष ठरेल. तिसरा असा की, बोलणे हा हक्क आहे, कर्तव्य नव्हे. ईगल्टन यांचे उदाहरण हेच सांगते की, प्रकटनाची सक्ती ही कलंकाचीच दुसरी बाजू आहे.

महाविद्यालयीन अध्यापकांसाठी या इतिहासाचा अर्थ दूरचा नाही. हा विकार बहुधा पौगंडावस्थेच्या अखेरीस किंवा तरुण वयात प्रथम प्रकट होतो. म्हणजेच विद्यार्थी आपल्या वर्गात असतात त्याच वर्षांत. एकाएकी गैरहजर राहू लागलेला किंवा रात्रंदिवस योजना रंगवणारा विद्यार्थी आपल्याकडे येऊन बोलेल की नाही, हे त्याच्या धैर्याइतकेच आपल्या विभागातील वातावरणावर, हजेरीच्या नियमांतील लवचिकतेवर आणि त्याची गोष्ट स्टाफरूममध्ये चर्चेचा विषय होणार नाही या खात्रीवर अवलंबून आहे. विल्यम जेम्स यांनी एका अपरिचित तरुणाचे हस्तलिखित संपूर्ण वाचले, त्याला उत्तर दिले आणि त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला. अध्यापकाकडून अपेक्षित असलेले हे काम आहे आणि ते आजही आपल्या आवाक्यात आहे.